येळवशीच्या दिवशी गंजगोलाईत

मैनोद्दीन पिंजारी नांदेडात गाद्या भरायचा आणि पोलिसांना खबर द्यायचा. पहिलं काम सगळ्या गल्लीला माहीत होतं. दुसरं दोघांनाच माहीत होतं: लातूर जिल्ह्यातल्या त्याच्या गावचा हवालदार शिवलिंग, आणि शिवलिंगच्या वरचे राजूरकर साहेब.

खबऱ्या म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं काळा चष्मा येतो. मैनूच्या भुवयांवर कापूस बसलेला असायचा. दिवसभर शिंका. चोवीस वर्षांचं पोरगं, पण संध्याकाळी कारखान्यातून निघालं की पांढऱ्या भुवयांचं म्हातारं दिसायचं. देशभक्ती वगैरे काही नव्हतं त्याच्या डोक्यात. पैशासाठीही नाही. तो या भानगडीत पडला तो एकाच माणसासाठी. तौफीकसाठी.

तौफीक नांदेडचाच, पण घरात जागा पुरत नव्हती म्हणून त्याच्याच खोलीत राहायचा. मोबाईल दुरुस्त करायचा, बोलायला लागला की थांबायचा नाही, आणि कुत्र्याला इतका भ्यायचा की गल्लीच्या तोंडाशी उभा राहून मैनूला फोन करायचा, ये रे बाबा, घेऊन जा मला. हा तौफीक आधी लातूरला कोर्स करायला गेला होता. खोली बघायला गेला. घरमालकानं पंखा दाखवला, नळ दाखवला, मग नाव विचारलं. नाव ऐकल्यावर म्हणाला, अरे, ही तर कालच गेली. ‘खोली भाड्याने देणे आहे’ ही पाटी दोघांच्या मधे लटकत होती. तौफीक असल्या चार-दोन पाट्या वाचून नांदेडला परत आला. कोणाला काही बोलला नाही. बोलला तो उबैदला.

उबैद धर्माबादकडचा. मिरचीचा व्यापारी म्हणवून घ्यायचा. मऊ बोलायचा. ओरडणारा माणूस परवडला, ओरडण्यातच त्याचा दम जातो. उबैद पोरांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांचंच दुःख त्यांना परत सांगायचा, जरा तिखट लावून. त्याच्या स्वतःच्या दोन्ही पोरी दूरच्या शहरात महागड्या शाळेत. त्यांना तो या असल्या कामाला कधी लावणार नव्हता. असली माणसं आपली लेकरं सोडून बाकी सगळ्यांच्या लेकरांना शहीद करायला निघालेली असतात. कोणत्याही धर्मातली घ्या.

तौफीकनंच मैनूला त्याच्या बैठकीला नेलं. तीन-चार बैठका झाल्या आणि मैनूला कळलं की हे नुसतं बोलणं नाही. उबैद एक पिशवी आणणार होता. लातूरच्या बाजारात ती ठेवायची. ठेवायची कोणी? तौफीकनं. का? त्याचा चेहरा गरीब दिसतो म्हणून.

‘‘कोई मरनेवाला नहीं,’’ उबैद तौफीकला म्हणाला होता. ‘‘आवाज होगा, धुआँ होगा, थोड़ी भागदौड़. डर क्या होता है ये उनको भी मालूम पड़ना.’’

तौफीकनं मान हलवली. मैनूनं त्याच्याकडं पाहिलं आणि त्या रात्रीपासून त्याच्या डोक्यात एकच गोष्ट राहिली. तौफीकचा हात त्या पिशवीला लागता कामा नये. एकदा लागला की पोरगं संपलं. वाचलं तर जन्मभर जेलात, नाही तर फासावर.

म्हणून तो शिवलिंगकडं गेला. शिवलिंगनं त्याला राजूरकर साहेबांपुढं उभं केलं. मैनू म्हणाला, सगळं सांगतो, बैठकीत बसून राहतो, पण तौफीकला हात लावायचा नाही. साहेब म्हणाले, ‘‘बघू.’’

सरकारी माणसाच्या ‘बघू’चा अर्थ मराठवाड्यात शेंबड्या पोरालाही कळतो. मैनूलाही कळला. पण दुसरा कोणी ऐकून घेणारा नव्हता.

डिसेंबरात उबैदनं दिवस ठरवला. तो, मैनू, तौफीक आणि गाडी चालवणारा शादाब, असे चौघं बसले होते. उबैदनं मोबाईलवर कॅलेंडर काढलं.

‘‘गंजगोलाई में सबसे ज्यादा भीड़ कब रहती?’’

‘‘अकरा-बारा बजे,’’ मैनू म्हणाला. खोटं नव्हतं. लातूरच्या त्या गोल बाजारात सोळा रस्ते येऊन मिळतात. कपडे, भांडी, बांगड्या, पाय ठेवायला जागा नसते.

‘‘तो जुम्मे को,’’ उबैद म्हणाला. ‘‘ग्यारह बजे काम. दोपहर की नमाज तक रस्ते की किसी मस्जिद में.’’ आणि त्यानं तारखेवर बोट ठेवलं.

मैनूनं वाकून पाहिलं. ती तारीख येळवशीची होती.

लातूर जिल्ह्यातल्या माणसाला येळवस सांगावी लागत नाही. मार्गशीर्षातली वेळ अमावस्या. त्या दिवशी सगळा जिल्हा शेतात असतो. कडब्याची खोपटी, म्हणजे कोप, करतात, आत पाच दगडांचे पांडव मांडून पूजा करतात, पालेभाज्या-शेंगांची भज्जी, बाजरीचे उंडे, ताकातली आंबील खातात आणि संध्याकाळी टेंभे पेटवून घरी येतात. ज्याला शेत नाही तो दुसऱ्याच्या शेतात जातो. वकील जातो, डॉक्टर जातो, बागवान जातो, मुजावर जातो. कलेक्टर सुट्टी देतो. शहरात दुकानाचं एक शटर वर नसतं. कर्फ्यूला निदान पोलीस तरी दिसतात, येळवशीला तेही नसतात.

उबैदला हे माहीत नव्हतं. धर्माबादला येळवस कोण करतो? शादाब आणि तौफीक नांदेड शहरातले, त्यांनी नाव ऐकलं असेल-नसेल. हिंदूंच्या सणांवर तास तास बोलणाऱ्या उबैदला शेजारच्या जिल्ह्यातला सगळ्यात मोठा सण ठाऊक नव्हता. द्वेष करायला माहिती लागत नाही.

मैनू काही बोलला नाही. तेवढंच त्यानं केलं. तोंड बंद ठेवलं.

दुसऱ्या दिवशी शिवलिंग जुनी गादी घेऊन कारखान्यात आला. त्यांच्या भेटीची हीच रीत होती. पिंजायचं मशीन चालू झालं की शेजाऱ्याला आईवरून शिवी दिली तरी ऐकू जात नाही. मैनूनं गादी फाडून कापूस मशीनमधे टाकला आणि शिवलिंगच्या कानाशी तोंड नेलं. तारीख सांगितली.

‘‘येळवशीला?’’ शिवलिंग ओरडलाच. ‘‘आरं त्या दिशी गंजगोलाईत कुत्रं बी नसतंय!’’

‘‘म्हणूनच तर गप बसलो काका.’’

शिवलिंगनं त्याच्याकडं बघितलं. मग कपाळावर हात मारला. ‘‘माझी रजा मंजूर झाली होती रे मुडद्या. बायकोनं माहेरची समदी माणसं बोलावली हायेत कोपीवर.’’

‘‘मग नका येऊ.’’

‘‘नका येऊ म्हणं! तुझा बाप येतंय का मग?’’

चार दिवसांनी राजूरकर साहेब स्वतः आले. साध्या कपड्यात, साध्या गाडीत. मैनूला मागच्या सीटवर बसवलं, पाण्याची बाटली दिली. माणूस सभ्य होता. कधी आवाज चढवला नाही, कधी अरे-तुरेच्या पलीकडं गेला नाही. येळवस म्हणजे काय ते शिवलिंगकडून त्यांनी नीट समजून घेतलं होतं.

‘‘चांगलं केलंस,’’ ते म्हणाले. ‘‘मोकळी जागा. लोक मधे येणार नाहीत. मी बाहेरच्या जिल्ह्यातलं पथक आणतोय, लातूरचे सगळे रजेवर आहेत. चौघंही एकदम मिळतील. तुला मागून सोडून देऊ.’’

‘‘चौघं?’’

‘‘पिशवी कोणाच्या हातात असणार?’’

‘‘उबैद गाडीतून आणणार. गोलाईत तौफीकच्या हातात देणार.’’

‘‘मग पिशवी त्याच्या हातात गेली की आम्ही पुढं होणार. त्याशिवाय केस उभी राहत नाही.’’

‘‘साहेब, तुम्ही बघू म्हणला होता.’’

‘‘बघितलं,’’ राजूरकर म्हणाले. चिडून नाही, अगदी शांतपणे, पावसाचा अंदाज सांगावा तसं. ‘‘तो सहा महिने बैठकांना बसलाय मैनोद्दीन. लहान मूल नाही.’’

त्या रात्री मैनूनं तौफीकला झोपलेला पाहिला. तोंड उघडं, पांघरूण खाली. आत्ता उठवून सांगावं? सांगितलं तर तौफीक उद्याच्या बैठकीला जाणार नाही. गेला नाही की उबैदला वास येणार. मग दिवस बदलणार, आणि बदललेल्या दिवशी गंजगोलाई भरलेली असणार. लवकर सांगितलं तर बाजार मरतो, उशिरा सांगितलं तर तौफीक. सांगायला जागा एकच होती: नांदेड ते लातूरच्या मधला रस्ता. उबैदची गाडी पुढं गेल्यावर.

शुक्रवारी उजाडता उजाडता ते निघाले. उबैद आणि शादाब कारमधून, पिशवी त्यांच्याजवळ. मैनू आणि तौफीक मोटारसायकलवर. मैनूनं गाडी मुद्दाम रेंगाळत चालवली. कार लोह्याच्या आधीच दिसेनाशी झाली.

अहमदपूर ओलांडलं आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसंच माणसं. ट्रॅक्टर, बैलगाड्या, डोक्यावर दुरड्या घेतलेल्या बाया, नव्या कपड्यातली पोरं. उभ्या ज्वारीच्या मधे मधे कोपी. कुठंतरी कोणी शेताच्या कडेनं आंबील शिंपडत ‘ओलग्या ओलग्या’ म्हणत चाललेलं.

‘‘मैनू, जत्रा है क्या रे?’’ तौफीक मागून ओरडला.

‘‘हौ. जत्राच.’’

चाकूरच्या पुढं मैनूनं गाडी आणखी हळू केली. आता फक्त वाट बघायची होती. येळवशीला वाटसरूला जेवल्याबिगर सोडत नाहीत, ही या भागातली रीत. कोणी ना कोणी आडवं येणारच.

आडव्या आल्या त्या लक्ष्मीबाई. साठीची बाई, हिरवं लुगडं, दोन्ही हात पसरून सरळ रस्त्यावर उभी.

‘‘कुटं चाललाव रं पोरांनो? उतरा खाली.’’

‘‘मावशी, लातूरला काम हाय,’’ तौफीक म्हणाला.

‘‘आज? लातुरात आज कोण बसलंय तुझ्या कामाला? उतर म्हणते ना.’’

मैनूनं गाडी कडेला लावली. तौफीकनं त्याच्या पाठीत बुक्की मारली. ‘‘टाइम हो रा ना रे!’’

‘‘पाच मिनिटं. नाही म्हटलं तर बुढी सोडणार नाही. माझ्या भागातली है, मेरेकू मालूम.’’

कोपीपाशी लक्ष्मीबाईचे मालक रामकिशन बसले होते, लेकी-सुना, नातवंडं, एक शेजारचं कुटुंब. कोणी नाव विचारलं नाही. रामकिशननं दोघांकडं पाहिलं, तौफीकची टोपी पाहिली आणि सुनेला म्हणाले, ‘‘पत्रावळी आण की ग. बघत काय बसलीस.’’

भज्जीचा ढीग वाढला गेला. तौफीक थबकला. मैनूच्या कानात म्हणाला, ‘‘पूजा का है क्या ये?’’

लक्ष्मीबाईच्या कानांना धार होती. ‘‘पूजेचं तिकडं आत हाय बाबा, पांडवाम्होरं. हे चुलीवरचं हाय. आणि तुला चालत नसलं तर आंबील पी. ताकालाबी जात असती का रं?’’

पोरं हसली. तौफीकही हसला. मग जेवला. सकाळपासून उपाशी होता, दुसऱ्यांदा मागून घेतली भज्जी. लक्ष्मीबाई त्याच्या उंड्यावर तेल ओतत राहिली. ‘‘किती वाळलास रं. आई न्हाई का घरी?’’

‘‘हाय ना.’’

‘‘मग तिला सांग, लातूरच्या बाईनं शिव्या दिल्या म्हणून.’’

जेवण झाल्यावर मैनू तौफीकला बांधावर घेऊन गेला. हात धुवायच्या निमित्तानं. तांब्या त्याच्या हातावर ओतत ओतत म्हणाला, ‘‘तौफीक, मी पोलिसांना सगळं सांगितलंय.’’

तौफीक हात चोळत राहिला. पाणी संपलं तरी चोळत राहिला.

‘‘क्या?’’

‘‘सहा महिन्यांपासून. गोलाईत पथक उभं हाय. तुझ्या हातात पिशवी आली की धरणार. तुला. पिशवीत धूर-बिर काय न्हाई. तुलाबी आतून मालूम है.’’

तौफीकनं त्याच्या तोंडात मारली. जोरात. लांबून एक नातू बघत होता, त्याला वाटलं खेळतायत.

‘‘मुखबीर है तू? मेरे बाजू में सोता और…’’ त्याला पुढं बोलता येईना. ‘‘मेरेकू पैले क्यूं नै बोला?’’

‘‘बोललो असतो तर उबैदनं दिवस बदलला असता. आज तिथं बाजार बंद हाय. म्हणून आज.’’ मैनूनं खिशातून गाडीची किल्ली काढून बांधावर ठेवली. ‘‘जायचं तर जा. त्याला सांगायचं तर सांग. मी आडवा येणार न्हाई.’’

तौफीकनं किल्ली उचलली. गाडीपर्यंत गेला. आणि तेवढ्यात त्याचा फोन वाजला. उबैद.

तौफीकनं मैनूकडं पाहिलं आणि फोन कानाला लावला. उबैदचा आवाज पहिल्यांदाच चढलेला होता, मैनूला चार पावलांवरून ऐकू येत होता.

‘‘कहाँ हो तुम लोग? यहाँ एक दुकान खुली नहीं! एक आदमी नहीं! क्या है आज?’’

‘‘त्योहार है भाई,’’ तौफीक म्हणाला. ‘‘खेत का.’’

‘‘मैनू तो यहीं का है. उसने बोला क्यूं नहीं?’’

मैनू जागचा हलला नाही. आता एक शब्द. त्या एका शब्दावर उबैद गाडी वळवून पळणार होता.

‘‘अच्छा, छोड़,’’ उबैद म्हणाला. आवाज परत मऊ झाला. ‘‘लोग कहाँ हैं? तुम जहाँ हो वहाँ कितने लोग हैं? औरतें-बच्चे सब हैं? हम वहीं आते.’’

तौफीकनं मागं वळून पाहिलं. लक्ष्मीबाई नातीच्या तोंडाला लागलेली खीर पदरानं पुसत होती. रामकिशन कोपीच्या सावलीत आडवे झाले होते. पलीकडच्या शेतात कोप, त्याच्या पलीकडं आणखी एक, नजर जाईल तिथवर माणसं. आवाज होगा, धुआँ होगा. आवाजच करायचा असता तर रिकाम्या बाजारातही झाला असता. उबैदला माणसं पाहिजे होती.

‘‘यहाँ कोई नहीं भाई,’’ तौफीक म्हणाला. ‘‘रस्ते पे हैं हम. खाली रस्ता है. तुम वहीं रुको. मैं आ रा.’’

त्यानं फोन बंद केला आणि मोटारसायकलच्या टाकीवर डोकं टेकवलं.

लक्ष्मीबाई लांबून ओरडली, ‘‘कुणाचा फोन हाय रं? तुमच्यातलंच कुणी हाय का? त्यालाबी बोलीव की जेवायला!’’

‘‘न्हाई मावशी,’’ मैनू म्हणाला. ‘‘तो जेवून बसलाय.’’

मग त्यानं गोलाईत पथकाबरोबर असलेल्या शिवलिंगला फोन लावला. तौफीक येणार नाही, पिशवी गाडीत उबैदच्या पायाशी आहे, आत्ता धरा. शिवलिंगनं शिवी दिली आणि फोन ठेवला. रिकाम्या गंजगोलाईत एकच कार उभी होती. तिच्यात उबैद आणि शादाब तौफीकची वाट बघत बसले होते. त्यांना धरायला किती वेळ लागणार? एक खिडकीही उघडली नाही, कारण खिडकीमागं कोणी नव्हतं. पिशवीत काय होतं ते दुसऱ्या दिवशी सगळ्या पेपरात आलं. धूर नव्हता.

टीव्हीवर आठवडाभर दाढ्या दाखवल्या. एका पोरानं दोन मिनिटं फोनवर खोटं बोलून एक आख्खं शिवार वाचवलं, हे कोणी दाखवलं नाही. दाखवणार कसं? राजूरकर साहेबांच्या कागदात तो आरोपी नंबर तीन होता.

मैनू साहेबांच्या ऑफिसात गेला. पहिल्यांदाच समोरच्या दारानं.

‘‘तौफीकचं नाव काढा.’’

‘‘ते आता माझ्या हातात नाही,’’ राजूरकर म्हणाले. ‘‘सहा महिने बैठका. फोनवर तो उबैदशी बोलतोय. मी काय सांगू वर?’’

‘‘बैठकीत काय काय झालं, कोर्टात कोण सांगणार?’’

‘‘बघू. पुरावे आहेत.’’

‘‘आत बसलेला माणूस एकच हाय. मी. मी साक्ष देतो. तोंड न झाकता, नाव सांगून.’’

राजूरकरांनी पेन खाली ठेवलं. ‘‘वेडा आहेस का? खबऱ्या कोर्टात उभा राहत नाही. मग माझ्या काही कामाचा राहणार नाहीस तू. आणि नांदेडात राहता येईल तुला? तुझेच लोक…’’

‘‘माझे लोक कोण ते मला बघू द्या साहेब. मी उबैदबद्दल समदं सांगणार. आणि तौफीकनं त्याला फोनवर कसं थांबवून धरलं तेबी सांगणार. त्याला आरोपी ठेवा, तरी हेच सांगणार. मग तुमचाच साक्षीदार तुमचाच आरोपी सोडवतोय असं दिसंल. कसं दिसंल ते तुम्हीच बघा.’’

दाराशी उभा असलेला शिवलिंग छताकडं बघत होता. 

‘‘त्याचा जबाब घ्या,’’ राजूरकर शेवटी शिवलिंगला म्हणाले. ‘‘दोघांचाही. साक्षीदार म्हणून.’’

कोर्टात उभं राहायच्या आधीच बातमी नांदेडला पोचली. कारखान्याच्या मालकानं मैनूला उद्यापासून येऊ नको म्हटलं. मालक वाईट नव्हता, घाबरला होता. खोलीच्या दारावर कोणीतरी खडूनं ‘मुखबीर’ लिहिलं. मैनूनं ते पुसलं नाही. सामान बांधलं आणि रेणापूरला मामाकडं गेला. तिथल्या पारावर एक-दोघं दबल्या आवाजात म्हणाले, त्यांच्यातलाच होता म्हणं, आता साक्षीदार झालाय. म्हणजे दोन्हीकडून तोच वाईट झाला.

साक्षीच्या दिवशी त्यानं धुतलेला शर्ट घातला. समोर आरोपीच्या पिंजऱ्यात उबैद होता. त्याच मऊ डोळ्यांनी बघत होता.

‘‘नाव?’’

‘‘मैनोद्दीन महेबूब पिंजारी.’’

‘‘धंदा?’’

‘‘गाद्या भरायचो.’’

त्यानं सगळं सांगितलं. दोन दिवस उलटतपासणी झाली, वकिलानं त्याला विकाऊ म्हटलं, गद्दार म्हटलं. त्यानं पाणी मागितलं, प्यायला, आणि जे सांगितलं होतं तेच पुन्हा सांगितलं.

दुसऱ्या दिवशी बाहेर पडला तेव्हा तौफीक कोर्टाच्या आवारात आईबरोबर उभा होता. त्याचीही साक्ष संपली होती. मैनूला बघून त्यानं तोंड फिरवलं. आईनं काहीतरी विचारलं, त्यानं उत्तर दिलं नाही, तिचा हात धरला आणि फाटकातून बाहेर पडला. समोर रस्त्यावर एक कुत्रं झोपलं होतं. तौफीक थांबला, लांबून वळसा घातला आणि रिक्षात बसला.

मैनू फाटकापाशी उभा राहून रिक्षा वळेपर्यंत बघत राहिला. त्याच्याशी बोलत नव्हता, न बोलो. पोरगं आईबरोबर घरी चाललं होतं.